कागद का फाटतो? कर्तनयंत्रातील दोषांचे निदान

कात्रीने कागद कापणाऱ्या कारागिराचा हात पाहण्यासारखा असतो. कात्री अडू लागली की त्याचा अंगठा क्षणभर थबकतो. तो कागद किंचित ताणून धरतो, पात्यांचा कोन बदलतो आणि मग काम पुढे चालू करतो. हे सारे तो विचारपूर्वक करीत नाही. कागदाचा विरोध त्याच्या बोटांना जाणवतो आणि बोटेच त्याला उत्तर देतात. मथुरा-वृंदावन परिसरात सांझीचे छाप कापणारे कारागीर कागदात अतिशय बारीक जाळी कोरतात. त्या जाळीतील दोन छिद्रांना जोडणारा कागदाचा अरुंद दुवा तुटला, तर रंगाची पूड टाकताना आकृतीचा तेवढा भाग विस्कटतो. म्हणून त्यांचे सारे लक्ष त्या दुव्यांवर असते.

संगणकाच्या आज्ञेनुसार कागद कापणाऱ्या छोट्या यंत्राला अशी बोटे नसतात. लग्नपत्रिका, शुभेच्छापत्रे, आकाशकंदिलांच्या जाळ्या, शाळेतील तक्त्यांची अक्षरे अशा कितीतरी कामांसाठी आज हे यंत्र वापरले जाते. त्याला आकृती द्यावी, कागद लावावा, की ते आपले काम सुरू करते. परंतु वाटेत कागद फाटू लागला, तर त्याची जाणीव यंत्राला होत नाही. फाटलेल्या कागदावरूनही ते पाते तितक्याच निष्ठेने फिरवीत राहते आणि आकृती संपल्यावरच थांबते. कारागिराच्या बोटांत जी समज आपोआप असते, ती येथे यंत्र चालविणाऱ्याने पद्धतीने आणि निरीक्षणाने भरून काढावी लागते. ती पद्धत कोणती, हे या पाठात पाहावयाचे आहे.

कापणे आणि फाडणे

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. कागद म्हणजे एकसंध पत्रा नव्हे. तो वनस्पतींच्या असंख्य तंतूंचा एकमेकांत गुंतलेला थर असतो. चीड, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे तंतू साधारणतः ३ मिलिमीटर लांब असतात, तर निलगिरीसारख्या रुंदपर्णी वृक्षांचे तंतू १ मिलिमीटर किंवा त्याहूनही आखूड असतात. तंतूंची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. ओला लगदा वाळत असताना हे तंतू एकमेकांना घट्ट चिकटतात. त्यांच्यातील सेल्युलोज या द्रव्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी परस्परांशी जोडले जातात आणि त्यामुळे कागदाला बळकटी येते. दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या नेहमीच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. एवढ्या पातळ थरातही तंतूंचे अनेक पदर एकावर एक असतात.

धारदार पाते कागदावरून जाते तेव्हा त्याच्या टोकाखालचे तंतू जागच्या जागी तुटतात. शेजारच्या तंतूंना त्याची फारशी कल्पनाही येत नाही. ही क्रिया म्हणजे कापणे. पाते बोथट असेल तर तंतू तुटण्याआधी ओढले जातात. मग ते आपल्या शेजाऱ्यांपासून सुटतात आणि थरातून उपसले जातात. ही क्रिया म्हणजे फाडणे. कापलेली कड स्वच्छ दिसते, तर फाटलेल्या कडेवर तंतूंची बारीक लव दिसते. साध्या भिंगातून दोन्ही कडा पाहिल्या म्हणजे हा फरक कोणाच्याही ध्यानात येईल.

आता आकृतीतील दोन रेषांमध्ये १ मिलिमीटर रुंदीचा दुवा आहे, अशी कल्पना करा. ज्या तंतूंनी तो दुवा बनला आहे, त्यांपैकी अनेकांची लांबी दुव्याच्या रुंदीहून अधिक आहे. पात्याने त्यांतील एक तंतू ओढला, तर त्याबरोबर दुव्याचा बराच भाग ओढला जातो. मोठ्या आकृतीत जो दोष केवळ खडबडीत कडेच्या रूपाने दिसतो, तोच बारीक आकृतीत दुवा तोडून टाकतो. बारीक कामात कागद अधिक फाटतो, याचे पहिले कारण हेच होय.

यंत्र काम कसे करते

या यंत्राची कुळी रेखाटनयंत्राची आहे. नकाशे आणि अभियांत्रिकी आराखडे काढण्यासाठी संगणकाला जोडलेली, लेखणीने रेघा ओढणारी यंत्रे पूर्वीपासून वापरात होती. त्या यंत्रातील लेखणीच्या जागी पाते बसविले की कर्तनयंत्र तयार होते. पाते आडव्या दिशेने सरकते, कागद रुळांच्या साहाय्याने पुढे-मागे होतो, आणि या दोन हालचालींच्या संयोगातून कोणतीही वक्ररेषा कापली जाते.

मात्र लेखणी आणि पाते यांत एक महत्त्वाचा फरक आहे. लेखणीला दिशा नसते, पात्याला असते. पात्याची धार नेहमी जाण्याच्या दिशेला वळलेली असली पाहिजे. त्यासाठी पाते होल्डरमध्ये मोकळेपणाने फिरेल असे बसविलेले असते, आणि त्याचे टोक फिरण्याच्या अक्षापासून किंचित बाजूला ठेवलेले असते. हे अंतर साधारणतः पाव ते पाऊण मिलिमीटर असते. इस्पितळातील खाटेचे चाक आठवावे. खाट ज्या दिशेला ढकलावी, त्या दिशेला चाक आपोआप वळते, कारण चाकाचा आस खिळीच्या मागे असतो. पात्याचे टोकही तसेच अक्षाच्या मागून ओढले जाते आणि वळणावर स्वतःहून दिशा बदलते. या बाजूला असलेल्या अंतराचे मोजमाप यंत्राला ठाऊक असावे लागते, कारण कोपऱ्यावर पाते वळविण्यासाठी ते एक सूक्ष्म कमान घेते. मोजमाप कमी दिले तर कोपरे गोलसर होतात, आणि अधिक दिले तर कोपऱ्यांना बाहेर आलेले कान फुटतात.

कागद रुळांखाली सरळ जावा आणि जागचा हलू नये, म्हणून तो एका चिकट मॅटवर दाबून बसवितात. अशा रीतीने कागदाच्या एका बाजूला पाते आणि दुसऱ्या बाजूला मॅट असते. पात्याची ओढ मॅटच्या पकडीहून अधिक झाली की कागद सरकतो, चुणतो आणि फाटतो. फाटण्याच्या बहुतेक प्रकरणांचा उलगडा या एका वाक्यात होतो. एक तर ओढ वाढलेली असते, किंवा पकड सुटलेली असते, किंवा ओढ सोसण्याची कागदाची शक्ती कमी झालेली असते.

दाब वाढविण्याचा मोह

कागद नीट कापला गेला नाही की बहुतेकांचा हात प्रथम दाब वाढविण्याकडे जातो. हा विचार वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. काप अपुरा आहे, तर अधिक जोर लावावा! प्रत्यक्षात या उपायाने दोष बहुधा बळावतो. दाब वाढला की पाते मॅटमध्ये खोल रुतते. पात्याचे टोक अरुंद असले तरी त्याच्या वरचा भाग रुंद असतो. पाते खोल गेले म्हणजे हा रुंद भाग कागदाच्या पातळीवर येतो आणि पाचरीसारखा कागद बाजूला लोटतो. शिवाय कोपऱ्यावर वळताना रुतलेल्या पात्याला मॅटच्या द्रव्यातून फिरावे लागते. ते तेथे अडते, कागद पिळतो आणि कोपरा फाटतो.

म्हणून असा नियम करावा की, दाबाला हात लावण्यापूर्वी इतर सर्व गोष्टी तपासून पाहावयाच्या. दाब हा शेवटचा उपाय होय.

फाटल्याची खूण वाचणे

फाटलेला कागद चुरगाळून टाकण्याची घाई करू नये. वैद्य ज्याप्रमाणे नाडी पाहतो, त्याप्रमाणे तो कागद उजेडात धरून पाहावा. कागद कोठे फाटला, यावरून तो का फाटला याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

सर्वत्र कडा लवदार दिसत असतील, परंतु कागद सरकलेला नसेल, तर पाते बोथट झाले आहे किंवा कागद दमट अथवा मऊ आहे, असे समजावे.

सरळ रेषा स्वच्छ असून केवळ कोपरेच फाटत असतील, तर पाते मोकळेपणाने फिरत नाही, ते फार खोल जात आहे, किंवा वेग जास्त आहे. यंत्रातील अंतराचे मोजमाप चुकलेले असण्याचीही शक्यता असते. ते गोलसर कोपऱ्यांवरून किंवा कानांवरून ओळखता येते.

मॅटच्या एका विशिष्ट भागात असलेलाच कागद वारंवार फाटत असेल, तर दोष पात्यात नाही. पाते सर्वत्र तेच असते. त्या भागात मॅटची पकड गेली आहे, किंवा तेथे जुन्या कापांचे चर पडले आहेत.

कागदाच्या कडेपासून फाटण्यास सुरुवात होत असेल, तर कागदाचा कोपरा उचललेला राहून होल्डरला किंवा रुळाला अडकला असावा.

यंत्र थांबल्यावर सर्व काही सुस्थितीत असून, कागद मॅटवरून काढतानाच फाटत असेल, तर दोष कापण्याचा नाही. मॅटची पकड त्या कागदाच्या मानाने अधिक आहे, किंवा काढण्याची रीत चुकते आहे.

तपासणीचा क्रम

खुणेवरून अंदाज आल्यावर प्रत्यक्ष तपासणीस लागावे. येथे दोन पथ्ये कटाक्षाने पाळली पाहिजेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर एक लहान चाचणी घ्यावी. चाचणीसाठी सुमारे १ सेंटिमीटर बाजूचा चौरस आणि त्याच्या आत एक त्रिकोण, एवढी आकृती पुरे होते. चौरसाने सरळ रेषा आणि काटकोन तपासले जातात, तर त्रिकोणाने तीव्र कोन. ज्या कागदावर काम करावयाचे, त्याच कागदाच्या कडेला ही चाचणी घ्यावी. दुसऱ्या कागदावरील यशाचा येथे उपयोग नाही.

पाते. प्रथम यंत्र बंद करून होल्डर बाहेर काढावा. पात्याच्या टोकाशी कागदाचे कण किंवा तंतू साचले आहेत काय, ते पाहावे. होल्डरच्या आत अडकलेला केसाएवढा तंतूही पात्याचे फिरणे रोखू शकतो. मऊ ब्रशने किंवा फुंकर मारून तो काढावा आणि पाते मोकळे फिरते याची खात्री करावी. पाते अत्यंत तीक्ष्ण असते. ते बोटाने कधीही तपासू नये. ॲल्युमिनियमच्या वर्खाची गोळी करून तीत पाते काही वेळा टोचण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. तिने टोकावरचे कण निघून जातात, पण गेलेली धार परत येत नाही. स्वच्छ केल्यावरही कडा लवदार येत असतील, तर पाते बदलावे. टंगस्टन कार्बाइडची पाती कठीण असतात, तरी ठिसूळही असतात. टाचणी किंवा स्टेपलची तार लागली, तर टोकाचा कपचा उडतो.

मॅट. नंतर मॅटवर कोरडे बोट ठेवून पकड अजमावावी. तिच्यावर धूळ आणि तंतू बसले असतील, तर कोमट पाणी व सौम्य साबण यांनी ती हलकेच धुऊन हवेत वाळवावी. पकड बऱ्याच अंशी परत येते. कागद मॅटवर ठेवल्यावर मधून कडेकडे रूळ फिरवून तो सर्वत्र सारखा चिकटवावा. हवेचा फुगा राहिला, तर नेमका तेथेच कागद उचलला जातो. याउलट मॅट अगदी नवी आणि कागद पातळ असेल, तर स्वच्छ सुती कापड एक-दोनदा दाबून तिची पकड थोडी कमी करून घ्यावी.

खोली. पाते होल्डरबाहेर किती डोकावते, ते पाहावे. कागदाच्या जाडीपेक्षा किंचित अधिक, एवढेच पाते बाहेर असावे. काप झाल्यावर मॅटवर जेमतेम दिसेल इतकी पुसट रेघ उमटली, म्हणजे खोली योग्य आहे. नख अडकेल इतका चर पडला, तर ती अधिक आहे. काही यंत्रांत खोली स्वतंत्रपणे ठेवता येत नाही आणि दाबावरच ती अवलंबून असते. तेथे हीच परीक्षा दाबाला लावावी. पात्याचा कोनही महत्त्वाचा असतो. नेहमीच्या कागदासाठी ४५ अंशांचे, आणि जाड वा खरखरीत कागदासाठी ६० अंशांचे पाते सामान्यतः वापरतात.

वेग. बारीक नक्षीसाठी वेग कमी ठेवावा. प्रत्येक कोपऱ्यावर पात्याला थांबून वळावयाचे असते. वेग जास्त असल्यास वळण पुरे होण्यापूर्वीच पुढची ओढ सुरू होते. वेग निम्मा केल्याने काम लांबते हे खरे, परंतु फाटलेला ताव पुन्हा कापण्यास त्याहून अधिक वेळ लागतो.

दाब. हे सारे झाल्यावरही काप अपुरा राहिला, तरच दाब एकेक पायरीने वाढवावा. जाड कार्डशीटसाठी एकाच जोरकस कापापेक्षा त्याच रेषेवर दोन हलके काप घेणे अधिक चांगले. मऊ, लवदार कागदाला मात्र ही युक्ती मानवत नाही. दुसऱ्या फेरीत पाते पहिल्या कापाची लव ओढून काढते.

कागदाचा स्वभाव

यंत्राची तपासणी पुरी झाली, तरी अर्धेच काम झाले. उरलेला अर्धा भाग कागदाकडे असतो.

यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात लगदा वेगाने पुढे वाहत असल्याने बरेचसे तंतू त्या दिशेला लोळतात. या दिशेला कागदाचा कल म्हणतात. कलाच्या दिशेने ओढल्यास कागद अधिक बळकट असतो. ही दिशा ओळखण्याची एक सोपी रीत आहे. एकाच तावाच्या दोन लगतच्या बाजूंना समांतर अशा, सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापाव्यात आणि त्या टेबलाच्या कडेबाहेर सारख्याच लांबीने लोंबत्या ठेवाव्यात. जी पट्टी कमी वाकेल, तिच्या लांबीच्या दिशेला कागदाचा कल आहे. आकृतीतील लांब, अरुंद दुवे शक्यतो या दिशेला येतील असा कागद लावावा. केवळ कागद आडव्याचा उभा केल्याने फाटणे थांबले, असा अनुभव येतो, त्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट आर्द्रतेची. कागद हवेशी सतत ओलाव्याची देवघेव करीत असतो. पाणी शोषले की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, पण जाडीत बरेच फुगतात, आणि त्यांच्यातील बंध सैल होतात. दमट कागद अधिक ताणला जातो आणि पात्यापुढे तुटण्याऐवजी वाकतो. कागदाच्या परीक्षा जगभर २३ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता अशा ठरावीक हवेत घेतात, त्यामागील कारण हेच. आपल्याकडे पावसाळ्यात कोकणाच्या किंवा केरळच्या किनाऱ्यावर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तर उन्हाळ्यात राजस्थानात हवा अतिशय कोरडी होते. एप्रिलमध्ये ठरविलेली दाबाची आणि वेगाची मापे जुलैमध्ये तशीच चालतील, अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. पावसाळ्यात कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा आणि लागेल तसा एकेक ताव बाहेर काढावा. फार कोरडा कागदही बरा नाही. तो ठिसूळ होतो आणि तीव्र कोनात तडकतो.

तिसरी गोष्ट कागदाच्या जातीची. वृत्तपत्राच्या कागदात यंत्राने दळलेल्या लाकडाचा लगदा असतो. त्याचे तंतू आखूड आणि ताठर असल्याने तो बारीक कामास टिकत नाही. पुनर्निर्मित कागदातील तंतू प्रत्येक फेरीत अधिक आखूड आणि ताठर होत जातात, तेव्हा त्यांची आपसांतील जोडही कमकुवत होते. हातकागदाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. राजस्थानातील सांगानेर, महाराष्ट्रातील दौलताबादजवळचे कागजीपुरा, १९४० साली पुण्यात स्थापन झालेली हातकागद संस्था, ही हातकागदाच्या परंपरेतील ठळक नावे. सुती चिंध्यांपासून केलेल्या या कागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्याने त्याला स्पष्ट कल नसतो. त्याचे तंतू चिवट असतात. म्हणूनच तो हातांना बळकट लागतो, आणि त्याच कारणाने पात्याला अधिक अडवितो. शिवाय एकाच तावात जाडी कमी-अधिक असू शकते. अशा कागदासाठी नवे पाते, कमी वेग आणि प्रत्येक गठ्ठ्यासाठी स्वतंत्र चाचणी या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. चांगली खळ चढविलेला, घोटलेला हातकागद मऊ हातकागदापेक्षा स्वच्छ कापला जातो.

आकृतीतील दोष

कधीकधी यंत्रही निर्दोष असते आणि कागदही. दोष आकृतीत असतो. छायाचित्रावरून किंवा हस्तचित्रावरून तयार केलेल्या आकृतीत रेषा अनावश्यक बिंदूंनी भरलेली असते, आणि पाते प्रत्येक बिंदूवर दिशा बदलू पाहते. अशी रेषा सुलभ करून घ्यावी. एकच रेषा चुकून दोनदा काढली गेली असेल, तर पाते त्याच जागी दोनदा जाते. ते पडद्यावर दिसत नाही, परंतु कागदावर दिसते. दुव्यांची रुंदी कागदाला झेपेल इतकी ठेवावी. आतील छिद्रे आधी आणि बाहेरची कड शेवटी कापली जाईल, असा क्रम ठेवावा. बाहेरची कड आधी कापली, तर आकृती कागदापासून सुटते आणि आतील काम चालू असताना हलू लागते.

एक उदाहरण

आता हे सारे एका उदाहरणाने पाहू. समजा, एका गावातील महिलांच्या बचत गटाने २०० लग्नपत्रिकांचे काम घेतले आहे. दिवस श्रावणाचे आहेत. पत्रिकेच्या मुखपृष्ठावर जाळीदार नक्षी आहे आणि कागद हातकागद आहे. पहिल्या २० पत्रिका उत्तम झाल्या. पुढे नक्षीचे कोपरे फाटू लागले. यंत्र चालविणाऱ्या बाईंनी दाब वाढविला. दोन-तीन पत्रिका बऱ्या झाल्या, नंतर कागद सरकू लागला. त्यांनी दाब पुन्हा वाढविला. आता पाचपैकी तीन पत्रिका वाया जाऊ लागल्या. लग्न दहा दिवसांवर आले आहे. कागद निकृष्ट निघाला, गठ्ठा परत पाठवून कागद करणाऱ्याकडून पैसे मागावेत, असे गटात ठरू लागले आहे.

येथे शांतपणे पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा. पहिल्या २० पत्रिका कशा झाल्या? गठ्ठा तोच, आकृती तीच आणि मापेही तीच होती. तेव्हा केवळ कागदाला दोष देता येत नाही. मध्यंतरी जे बदलले, त्यात कारण शोधले पाहिजे. बदलणाऱ्या गोष्टी तीनच आहेत. पात्यावर तंतू साचत गेले, मॅटची पकड कमी होत गेली, आणि उघड्यावर राहिलेला गठ्ठा ओलावा शोषत राहिला.

वाया गेलेल्या पत्रिका शेजारी शेजारी मांडल्यावर दिसते की, सरकण्याचा दोष मॅटच्या डाव्या, खालच्या भागातील पत्रिकांतच आहे. कोपरे मात्र सर्वत्र फाटले आहेत. याचा अर्थ दोष एक नसून दोन आहेत. मॅटच्या न वापरलेल्या भागावर चाचणी घेतली, तर कागद सरकत नाही, पण कोपरे तरीही फाटतात. मॅट धुऊन वाळविली. आता होल्डर उघडल्यावर आत कापसाच्या तंतूंची बारीक गुंडी सापडते. ती काढल्यावर पाते मोकळे फिरते आणि कोपरे जवळजवळ स्वच्छ येतात. तरीही मॅटवर नख अडकेल असे चर पडत आहेत. हा तिसरा दोष कोठून आला? तो दोनदा वाढविलेल्या दाबातून आला. दाब पहिल्या मापावर आणल्यावर चाचणीचा त्रिकोण तीनही टोकांनी स्वच्छ निघतो. उरलेला गठ्ठा बंद डब्यात ठेवला आणि दर १० पत्रिकांनंतर होल्डर पुसण्याचे ठरविले, की काम वेळेत पुरे होण्यास अडचण राहात नाही.

या उदाहरणात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मूळ दोष दोन होते, तिसरा आपण निर्माण केला होता, आणि चौथा, म्हणजे कागद निकृष्ट असल्याचा, मुळात नव्हताच. निदानाशिवाय गठ्ठा परत गेला असता, तर ज्याचा काही अपराध नव्हता अशा कागद करणाऱ्याचे नुकसान झाले असते. आणि नवा कागद आणूनही पत्रिका फाटतच राहिल्या असत्या.

शेवटची पायरी

कापलेली जाळी मॅटवरून काढणे, ही शेवटची पायरी होय. येथे घाई केल्यास सारे श्रम वाया जातात. कागद धरून मॅटवरून ओढू नये. मॅट उलटी करून कागदाची बाजू टेबलावर ठेवावी, कागद एका हाताने सपाट दाबून धरावा, आणि दुसऱ्या हाताने मॅट हळूहळू वाकवीत कागदापासून सोडवावी. कागदाऐवजी मॅट वाकत असल्याने बारीक दुव्यांवर ताण येत नाही आणि कागद गुंडाळतही नाही. छिद्रांतील तुकडे मॅटवरच राहिले तर उत्तमच. राहिलेले तुकडे पातळ पट्टीने किंवा चिमट्याने मागाहून काढावेत.

प्रत्येक यंत्राशेजारी एक वही असावी. कागद कोणता, त्याचे वजन किती, पाते कोणते व ते केव्हा बसविले, खोली, वेग आणि दाब किती, हवा कशी होती आणि काप कसा आला, एवढे तीत प्रत्येक कामानंतर लिहावे. काही महिन्यांनी ही वही त्या खोलीतील, त्या हवेतील आणि त्या हातांखालील यंत्राची खरी मार्गदर्शिका होईल. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत ती मापे सापडणार नाहीत, कारण ती लिहिणाऱ्याने तुमचा कागद पाहिलेला नसतो.

सांझी कापणाऱ्या कारागिराला अशी वही लागत नाही. त्याची नोंद त्याच्या बोटांत असते, आणि ती तेथे पोहोचण्यास अनेक वर्षे लागलेली असतात. यंत्राने ती वर्षे वाचविली, हे मान्य केले पाहिजे. परंतु कागद समजून घेण्याचे काम मात्र त्याने वाचविलेले नाही. ते पूर्वी कारागिराचे होते. आज ते यंत्र चालविणाऱ्याचे आहे.

स्वाध्याय

१. घरातील तीन निरनिराळ्या कागदांचा कल पट्ट्यांच्या साहाय्याने ओळखा आणि त्यांवर तशा खुणा करा.

२. एकाच कागदाचे दोन तुकडे घ्या. एक रात्रभर सिलिका जेलसह बंद डब्यात आणि दुसरा पाण्याच्या भांड्याशेजारी झाकून ठेवा. सकाळी दोन्हींवर तीच चाचणीची आकृती कापून कडा भिंगातून पाहा.

३. आजवर फाटलेल्या पाच कागदांवर फाटण्याची जागा लाल पेन्सिलीने दाखवा. वर सांगितलेल्या खुणांपैकी कोणती खूण प्रत्येकास लागू पडते, ते लिहा आणि दाबाला हात न लावता करावयाचा पहिला उपाय सुचवा.